पन्नासांचं जमतं, एकट्याचं नाही

"वहिनी, तुमच्या वरच्यानं आज काय जाळलं?"

माईंचा प्रश्न भिंतीवरून आला तेव्हा मी कढीपत्ता तोडत होते. झाड त्यांचं, पण निम्मं आमच्या अंगणात झुकलेलं. त्यामुळे कढीपत्ता तोडायला गेलं की गप्पा मारल्याशिवाय सुटका नाही, तेच त्याचं भाडं. कंबरेएवढी भिंत, अलीकडे मी, पलीकडे माई. सहकारनगरात असली बैठी घरं आणि असल्या भिंती आता उरल्यात कुठे? सगळीकडे पार्किंग झालंय. पार्किंगमध्ये कोणी कोणाला काय जळलं ते विचारत नाही.

"जाळलं नाही हो, करपलं. भात होता."

"भात? कुकरमध्ये भात करपतो?"

"कुकर नाही लावत तो. पातेल्यात करतो. शंभर ग्रॅम तांदूळ मोजून घेतो."

"शंभर ग्रॅम!" माईंनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. झाडू टेकला म्हणजे आता अर्धा तास तरी निश्चिंती. "सोनं मोजतोय की तांदूळ?"

वरचा म्हणजे आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा मुलगा. परभणीकडचा, संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. नाव चांगलं तीन अक्षरी आहे, पण माईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं 'वरचा' करून टाकलं आणि आता आमचे हेसुद्धा भाड्याची पावती लिहिताना क्षणभर थबकतात. आला तेव्हा त्याला चहासुद्धा येत नव्हता. दोन वेळची मेस लावलेली. पण पुण्यातल्या मेसचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी चूल बंद. दुपारचं श्रीखंड-पुरी पोटात असल्यानं सहा वाजेपर्यंत पोरांना शुद्ध नसते, नऊ वाजता भूक लागते आणि मग वडापावच्या गाडीवर ही रांग. वर्षभर त्याचा रविवार असाच गेला.

"मग आत्ताच काय एवढं स्वयंपाकाचं खूळ शिरलं? एखादी मुलगी-बिलगी असेल हो."

"मुलगी नाही माई, एनएसएस."

"म्हणजे ते खाकी कपड्यातले?"

"ते एनसीसी. हे राष्ट्रीय सेवा योजना. आमचे हे होते ना कॉलेजात असताना त्यात." हे सांगायला नको होतं, कारण माईंना आमच्या ह्यांच्या त्या शिबिरातल्या पराक्रमाच्या गोष्टी तोंडपाठ आहेत. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली आणि त्यानंतर चार-पाच वर्षांत आमच्या ह्यांनी कुठल्याशा गावात रस्ता केला. तो रस्ता दर सांगण्याला थोडा थोडा लांब होत जातो.

"आणि आता मार्कांसाठी करतात ना ते?" माईंचं आपलं ठरलेलं.

"करत असतील. वर्षाला १२० तास काम भरावं लागतं, दोन वर्षांचे २४०. शिवाय सात दिवस गावात शिबिर. तिथेच तर सगळा घोटाळा झाला."

घोटाळा असा. शिबिर डिसेंबरात, वेल्ह्याच्या बाजूला. पहाटे उठून ओढ्यावर जायचं आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. आमचे महाराज दुसऱ्याच दिवशी झोपून राहिले. सरांनी शिक्षा म्हणून त्याला श्रमदानातून काढलं आणि स्वयंपाकाच्या तुकडीत टाकलं. गावातला एक आचारी होता, लग्नाकार्याला जाणारा. पन्नास-साठ पोरांचं दोन वेळचं तो एकटा बघायचा. त्यानं ह्याच्या हातात झारा दिला तो शिबिर संपेपर्यंत काढून घेतला नाही.

"मग शिकला की!"

"शिकला ना. पण काय शिकला? पाच किलो तांदळाचा भात, दोन किलो बेसनाचं पिठलं, तपेलंभर आमटी. पन्नास माणसं जेवायला बसवा, हूं का चूं करणार नाहीत असा स्वयंपाक करतो. एकट्यासाठी करायला सांगा, बोंब."

माई हसायला लागल्या आणि मग एकदम थांबल्या. "अहो, पण हिशेब सोपा आहे की. भागाकार करायचा."

अगदी तेच त्यानं केलं. एक वही केली. डाव्या बाजूला पन्नास माणसांचं, उजव्या बाजूला एकाचं, मधे त्रैराशिक. पाच किलो भागिले पन्नास, शंभर ग्रॅम. इथपर्यंत बरोबर. पण पाणीही त्यानं तसंच भागलं आणि पातेलं उघडं ठेवून गेला अंघोळीला. आला तर खोलीत धूर आणि माई भिंतीवर.

"पाण्याला काय झालं मग?"

"ते मला नाही सांगता यायचं, कोपऱ्यावरच्या बाईंना विचारा. त्यांनीच त्याला समजावलं. म्हणाल्या, अरे, पाणी उडतं ते भांड्याच्या तोंडातून. तपेल्यात दहा-बारा लिटर पाणी, त्यातलं वाफेनं गेलं तर कितीसं जातं! तुझ्या पातेल्यात भांडंभर पाणी, तोंड मात्र वीतभर, भात शिजायच्या आत पाणी संपणार नाहीतर काय होणार? मोहरीचं तेच. पन्नासांच्या फोडणीची मोहरी भागून एकाला दाणे मोजत बसशील का? तेल पळीत मावेल एवढं तरी लागतंच, माणूस एक असो नाहीतर चार. मीठसुद्धा सरळ भागून चालत नाही. त्रैराशिक कागदावर ठीक आहे."

"बाई म्हणाल्या असं? गणिताच्या बाई?"

"गणिताच्या बाईच म्हणाल्या."

इथे माईंचा आवाज खाली आला. आमच्या गल्लीत आवाज खाली आला की विषय एकतर आजारपणाचा असतो नाहीतर प्रॉपर्टीचा.

"वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. हा रोज संध्याकाळी बाईंकडे जातो. मी बघते ना गॅलरीतून. साडेसहाला जातो, आठला येतो. हातात डबा असतो. बाई एकट्या, मुलगा अमेरिकेत, एवढा मोठा प्लॉट. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला. आणि आता हा आजी आजी करत डबे पोचवतोय. मी काही म्हणत नाही हो. पण दिसतं ते बोलते."

काही म्हणत नाही असं म्हणून माईंनी सगळं म्हटलं होतं. मी म्हटलं, "माई, तुम्ही गॅलरीतून बघता, मी आत जाऊन बघितलंय."

बाईंचा उजवा हात मनगटात मोडला होता, न्हाणीघरात घसरून. प्लास्टर कोपरापर्यंत. मुलानं तिकडून फोनाफोनी करून डबा लावून दिला. एका आठवड्यात बाईंनी तो बंद केला, कारण आमटीत गूळ नव्हता आणि डाळ अख्खी होती. बाई ऐंशीच्या पुढे आहेत, पण अख्ख्या डाळीशी तडजोड करणार नाहीत. ह्याला कुठून कळलं कोण जाणे. एका रविवारी पिठलं घेऊन गेला. एकट्याचं करायला गेला होता, चौघांचं झालं होतं. बाईंनी चाखलं आणि विचारलं, "किती माणसांचं शिकलास?" ह्यानं सांगितलं. मग म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या ओट्यापाशी उभा राहा. हात तुझे, डोकं माझं."

मी गेले ते मेथीची जुडी द्यायला. बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर, प्लास्टरचा हात मांडीवरच्या उशीवर. वरचा ओट्यापाशी. कढई तापलेली.

"तेल तापलं का?"

"हो आजी."

"कशावरून?"

ह्यानं मोहरीचा एक दाणा टाकून दाखवला. तो तडकला.

"आता टाक मोहरी. तडतडली?"

"हो."

"सगळी?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती टक्के रे? तू तेच शिकतोस ना?"

पोरगं लाजलं, पण कढईवरून नजर काढली नाही. मोहरी थांबेपर्यंत थांबला, मग जिरं, मग हिंग. आणि गॅस बारीक करून मग हळद टाकली. गॅस बारीक करून! माई, माझ्या सुनेला लग्न होऊन सहा वर्षं झाली, ती अजून भर आचेवर हळद टाकते आणि मग फोडणी कडू का झाली म्हणून मला विचारते.

"सुनेचं राहू द्या," माई म्हणाल्या. त्यांना आमच्या सुनेचं कौतुक आहे, कारण ती त्यांना मोबाईल शिकवते. "पुढे सांगा."

पुढे मग गोड्या मसाल्याची आमटी. बाईंच्या कपाटात 'रुचिरा' आहे, कमलाबाई ओगल्यांची. १९७० साली निघालेलं पुस्तक, बाईंच्या प्रतीला आता मुखपृष्ठही नाही. वाटी आणि चमच्याच्या मापानं सगळं लिहिलेलं, त्यामुळे वहीवाल्याला ते फार पटलं. त्यानं ताबडतोब बाईंना विचारलं, वाटी म्हणजे नक्की किती मिलिलिटर. बाईंनी डब्यातली वाटी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ही. आयुष्यभर हीच वापर, मग कितीची आहे ह्यानं काय फरक पडतो?"

"पण माई, एकतर्फी नाही हां. त्यानंही बाईंना शिकवलं."

"बाईंना? काय शिकवलं?"

"येसर."

माईंना येसर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिकडे मराठवाड्यात लग्नाकार्यात त्याची आमटी असते. धान्य आणि डाळ खमंग भाजायची, मसाले घालून दळून ठेवायचं. मग हवं तेव्हा फोडणीच्या पाण्यात कालवून उकळायचं की झाली आमटी. त्याची आई डबा भरून पाठवते. वर्षभर तो डबा कपाटात पडून होता, कारण उकळतं पाणी सोडलं तर ह्याला काही येत नव्हतं आणि ते करायचाही आळस. बाईंनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणाल्या, "ह्यात गूळ?" तो म्हणाला, "नाही आजी, ह्यात गूळ घातला तर आई घरात घेणार नाही." बाईंनी गुळाशिवाय आमटी खाल्ली, माई. आमच्या गल्लीच्या इतिहासात ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

"बाईंनी?" माईंनी झाडू पुन्हा हातात घेतला आणि परत टेकवला. "मग आता प्लास्टर निघालं ना? आता कशाला जातो?"

"आता भाकरी शिकतोय. बाईंना जमत नाही ती, त्या पोळीवाल्या. ते दोघं मिळून फोनवर त्याच्या आईला विचारतात. आई तिकडून ओरडते, 'पीठ उकडून घ्या की, कोमट नगं, कडक पाणी घ्या.' परवा मी वर हाक मारली, काय चाललंय रे, तर म्हणाला, 'भाकरी थापायलोय काकू.' अजून तव्यावर टाकताना नकाशा होतो तिचा. पाणी लावलेली बाजू वर ठेवायची हे मात्र कळलंय."

माई थोडा वेळ गप्प होत्या. मला वाटलं, प्लॉटचा विषय संपला. पण माईंचा संशय शिळ्या कढीसारखा आहे, कधीही ऊत येतो.

"सगळं खरं. पण एवढं करायचं म्हणजे माणसाच्या मनात काहीतरी असतंच."

"तुमच्या सासऱ्यांनी वार लावून शिक्षण केलं ना, माई?"

"हो. सदाशिव पेठेत. सात वार, सात घरं. गुरुवारचं घर फार चांगलं होतं म्हणायचे, तूप वाढायचे."

"मग त्या सात घरांच्या मनात काय होतं?"

माईंनी ह्यावर उत्तर दिलं नाही, कढीपत्त्याची एक फांदी वाकवून माझ्या हातात दिली. मग स्वतःच म्हणाल्या, "आमचे सासरे शनिवारच्या घरी विहिरीचं पाणी काढायचे, म्हणजे फुकट नव्हते जेवत," आणि हे त्यांनी अशा ठसक्यात सांगितलं की जणू मीच त्यांच्या सासऱ्यांवर आरोप केला होता.

माझे वडील साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमध्ये होते. भाऊरावांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीत, आणि कामही करायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. वडील तिथे गेले तेव्हा लक्ष्मीबाई नव्हत्या, पण पोरांच्या तोंडी त्यांचंच नाव. वडिलांना शेवटपर्यंत पिठलं-भाकरी स्वतःची स्वतः करता यायची. आईनं हे कधी माहेरी सांगितलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. मी हे माईंना आधीही सांगितलंय, पण त्या दर वेळी नव्यानं ऐकतात, हा त्यांचा मोठेपणा.

"बरं, पण वारीचं काय ते? तुम्ही म्हणत होतात," माईंनीच गाडी वळवली.

वारीचं म्हणजे ह्या वर्षीचं. दोन्ही पालख्या पुण्यात दोन मुक्काम करतात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. दिंड्या शाळांमधून, मंगल कार्यालयांमधून उतरतात. पालख्या निघतात त्या दिवशी बहुतेक एकादशी असते. म्हणजे पहाटे निघणाऱ्या वारकऱ्याला खायला द्यायचं तर उपासाचं द्यायला हवं. हे नव्या मंडळांच्या लक्षात येत नाही आणि मग पोह्यांची पातेली तशीच राहतात.

वरच्याच्या कॉलेजची पोरं नाना पेठेतल्या एका मंडळाबरोबर होती. साबुदाण्याची खिचडी, दोनशे माणसांची, वीस किलो साबुदाणा. रात्री भिजवायला बसले तेव्हा कोणीतरी हौसेनं पातेल्यात वरपर्यंत पाणी ओतलं. वरच्यानं ते सगळं काढायला लावलं. साबुदाणा धुवायचा, पिठूळ पाणी जाईपर्यंत, आणि मग जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवून झाकायचा. सकाळी दाणा बोटात दाबला की मोडायला हवा, चिकटायला नको. मंडळाची मोठी कढई होती, ते म्हणाले एकदम टाकू, लवकर होईल. हा म्हणाला, नाही, दोन-दोन किलोचे घाणे. एकदम टाकलं की खालचा लगदा आणि वरचा कच्चा. दाण्याचं कूट, मीठ, साखर आधी साबुदाण्याला चोळून घेतलं. पहाटे तीनला पहिला घाणा.

"आणि मग कोथिंबीर आली."

"कोथिंबीर?"

"एक मुलगी चार जुड्या घेऊन आली, वरून पेरायला. दुसरी म्हणाली, उपासाला कोथिंबीर चालत नाही. पहिली म्हणाली, आमच्याकडे चालते. तिसरा म्हणाला, आमच्याकडे जिरंही चालत नाही. मग सगळ्यांची जुंपली. आणि हा पठ्ठ्या पहाटे सव्वातीनला बाईंना फोन करतो, 'आजी, एकादशीला कोथिंबीर चालते का?'"

"सव्वातीनला!"

"बाई जाग्याच होत्या म्हणे. म्हणाल्या, चालते का ते मला विचारू नकोस, जे खाणार आहेत त्यांना विचार. आणि तोपर्यंत वेगळ्या ताटात ठेव, ज्याला हवी तो घेईल."

माईंना हे पटलं नाही. "चालतच नाही कोथिंबीर. आमच्याकडे तर मुळीच नाही."

"आमच्याकडे चालते."

"तुमच्याकडे काय, तुमच्याकडे काकडीही चालते."

ह्यावरून आमचं दहा मिनिटं चांगलंच वाजलं. काकडी, भेंडी, कोथिंबीर, आलं, मग हळद कोणाकडे चालते का, इथपर्यंत गेलं. रताळ्यावर दोघींचं एकमत झालं. सव्वाआठ वाजले, माईंच्या गॅसवर दूध होतं ते आठवलं, त्या आत धावल्या, बंद करून परत आल्या. आल्या त्या एकदम मऊ आवाजात.

"वहिनी, आमचा नातू जर्मनीला चाललाय ना सप्टेंबरात."

"हो की. तयारी झाली?"

"बॅगा झाल्या. पण त्याला अंडंसुद्धा उकडता येत नाही हो. तिकडे बाहेर खायचं म्हणजे केवढ्याला पडतं. सून म्हणते यूट्यूब बघून करेल. यूट्यूब बघून करतो, पण बघतच बसतो, करत नाही."

मी काही बोलले नाही. कढीपत्त्याची पानं देठापासून ओढत राहिले.

"तुमचा वरचा शिकवेल का? म्हणजे, किती घेईल?"

"पैसे नाही घेणार तो. पण रविवारी संध्याकाळी आणायला सांगेल त्याला. बाईंच्या ओट्यावर."

"बाईंच्या? तिथे कशाला?"

"खोलीवर जागा कुठेय माई? आणि पोरं आता चार झालीत तिथे. मेस बंद असते ना रविवारी. ह्याच्या वर्गातला एक, एमपीएससीवाले दोन आणि बाई. अशी पाच माणसं. तो म्हणतो, पाचाचं मला जमायला लागलंय, अजून एक आला तर सोपंच जाईल."

"आणि गॅस कोणाचा?"

"बाईंचा. पोरं सिलिंडरला पैसे काढतात, बाई घेत नाहीत, मग ती डाळ आणून ठेवतात. तुमच्या नातवाला कांदे आणायला सांगा, दोन किलो. आणि चिरायची सवय असू द्या त्याला, पहिले दोन रविवार तेवढंच देतात. एमपीएससीवाला अजून कांद्यावरच आहे."

"दोन किलो कांदे? आत्ता भाव काय चाललाय माहितीये का तुम्हाला?" माईंनी झाडू उचलला. "दीड किलो देते. आणि त्याला सांगा, माझ्या नातवाला हळद भर आचेवर टाकायला शिकवू नको म्हणावं."